आलं का? गेलं!

आमच्या चिरंजिवांनी कॉम्प्युटर आणला, असं मी सुरुवातीला लोकांना सांगत असे. त्यावर चिरंजीव मला दुरुस्त करीत, "आणला नाही बाबा, बांधला." घर बांधतात, पूल बांधतात, फार तर मोट बांधतात. कॉम्प्युटरही बांधतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक अवयव खोक्यात बसून पुण्याला आला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर, रविवारचे आठ तास शस्त्रक्रिया चालली. "दुकानदाराला थोडे पैसे दिले असते तर त्यानंच जोडून दिला असता," असं मी दोनदा सुचवलं. पुरणपोळ्या बाहेरून मागवू या म्हटल्यावर आमची ही माझ्याकडे जशी बघते, तसे चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले.

या सगळ्यातला मुख्य अवयव म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कार्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रेशनकार्ड येतं. हे प्रकरण चांगलं विटेएवढं, वर पंखे लावलेलं. याला कार्ड म्हणायचं, तर आमच्या लोखंडी कपाटाला पाकीट म्हणायला हरकत नाही. किंमत चाळीस हजार! बाकीचे पैसे मी दिले होते ('अभ्यासासाठी' हा शब्द दोनदा वदवून घेऊन). कार्डाचे मात्र त्यानं स्वतः जमवले होते. दोन वर्षं दर शनिवार-रविवार आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवून.

रात्री खेळ सुरू झाला. पडद्यावर डोंगर आले, नदी आली, गवताची पाती वाऱ्यावर हलायला लागली. त्या मानानं आमच्या सोसायटीची बाग अगदीच खोटी वाटली. दहा मिनिटं झाली आणि पडदा काळा! आतले पंखे मात्र विमान उडायच्या बेतात असल्यासारखे घोंघावू लागले. बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा काळोख.

आमच्या घरात निदान करणाऱ्यांची वाण नाही. ही म्हणाली, "सारखा चालू ठेवलास तर दमणारच तो." शेजारचे काका म्हणाले, "दृष्ट काढा." मी विचारलं, "खेळ लावला नाही तर नीट चालतो ना?" "चालतो." "मग खेळ लावू नकोस!" या विनोदाबद्दल चिरंजीव माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत.

ते आपले एकटेच झुंजत होते. पहिल्या दिवशी कार्डाचा ड्रायव्हर पुसून नव्यानं घातला. (हा ड्रायव्हर म्हणजे कार्डाचा कारभार बघणारा प्रोग्राम. कार्डाकडून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर विंडोज या जोडीला नव्यानं कामाला लावते. दोन सेकंदांत! मी जिथं तीस वर्षं काढली, त्या कचेरीत दोन महिने उत्तर आलं नाही तरी कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही.) दुसऱ्या दिवशी तापमान पाहिलं. सत्तर अंश! मी ओरडलो. कार्डाला इतका ताप असायचाच, असं हिच्यामार्फत मला कळवण्यात आलं. तिसऱ्या दिवशी मेमरीचा वेग कमी केला. चौथ्या दिवशी कार्ड उपसून पुन्हा बसवलं. दर वेळी स्वयंपाकघरातून ही विचारी, "आलं का?" आणि दहा मिनिटांनी बाहेरून उत्तर येई, "गेलं!"

त्या रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो. पोरगा काळ्या पडद्यासमोर तसाच बसला होता. मला बघून म्हणाला, "बाबा, बहुतेक बांधताना माझंच काहीतरी चुकलंय. कार्ड परत पाठवलं तर म्हणतील, तूच बिघडवलंस."

'तरी मी सांगत होतो' हे वाक्य प्रत्येक बापाच्या जिभेवर तयार असतं. माझ्याही होतं. पण त्या 'आलं-गेलं'नं मला १९८२ साल आठवलं. त्या वर्षी दिल्लीच्या एशियाडसाठी आमच्या नानांनी टीव्ही घेतला होता. बारा वर्षांचा मी वाड्याच्या कौलांवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवायचो. मी वरून ओरडायचो, "आलं का?" खालून आई ओरडायची, "आलं, आलं... गेलं!" हॉकीच्या अंतिम सामन्याला मी असं काही स्वच्छ चित्र आणलं की पाकिस्तानचे सातही गोल अख्ख्या वाड्याला स्पष्ट दिसले. आपण ७-१ असे हरलो. ते चित्र आणल्याबद्दल वाड्यानं मला बरेच दिवस क्षमा केली नाही. नाना मात्र काही बोलले नाहीत. मी वर असेपर्यंत ते खाली शिडी धरून उभे होते.

मी ते वाक्य गिळलं आणि म्हटलं, "बॅटरी धरू का?"

त्यानं बाजूची काच काढली. मी उजेड पाडला. बघतो तर कार्डात दोन प्लग खोचलेले आणि दोन्ही एकाच वायरला फुटलेले.

"हे काय रे, एका वायरला दोन तोंडं?"

"असतात तशी. आत वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून एकच वापरली."

"आणि हे कार्ड खातं किती?"

"खेळताना तीनशे वॅटच्या आसपास. मध्येच क्षणभर त्याहून जास्त."

विजेचं मला एकच शास्त्र ठाऊक आहे, तेही नानांनी शिकवलेलं. मी म्हटलं, "अरे, गीझर आणि इस्त्री एका बोर्डावर लावू नये."

तो हसला नाही. थोडा वेळ वायरीकडे बघत राहिला. मग खोक्यातून तसलीच दुसरी वायर काढली आणि दोन प्लगांना दोन स्वतंत्र वायरी थेट पॉवर सप्लायपासून आणल्या. खेळात एकदम भार वाढला की एकट्या वायरीवर दाब पडून कार्डाला भोवळ येत असावी, असं त्यानं मला समजावलं. एका पगारावर दोन बिऱ्हाडं चालवणाऱ्याची अवस्था मला समजावून सांगायची गरज नव्हती.

खेळ सुरू झाला. मी टेबलाखालूनच विचारलं, "आलं का?"

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाऊण तास झाला.

"आहे बाबा, अजून आहे."

सकाळी हिनं विचारलं, "कुणी दुरुस्त केला?" पोरगा म्हणाला, "बाबानं." मी म्हटलं, "छे, आम्ही दोघांनी." तेव्हापासून मीही लोकांना सांगतो, आम्ही कॉम्प्युटर बांधला.

खेळ मात्र मला जमत नाही. पहिल्याच मिनिटाला मी मरतो. दोष कार्डाचा नाही, हे आम्ही तपासून पाहिलं आहे.