घड्याळाचा जुना पट्टा

नाताळ जवळ आला की बायकांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. ‘ह्यांना काय द्यायचं तेच कळत नाही. विचारलं तर म्हणतात, मला काही नको.’ ही तक्रार माझीही आहे. घरात नाताळ असल्यामुळे ती टाळण्याची सोय मला नाही, आणि दर डिसेंबरात तीच तीच गाठ पडत गेल्याने मी तिचा जरा मुळापासून विचार करू लागले. माझं मत असं झालं आहे की आपण हा प्रश्न सोडवायला चुकीच्या जागी जातो. तो दुकानात सुटत नाही. नवऱ्यासाठीची भेट घरातच सापडते. त्याच्या रोजच्या वापरातली एखादी झिजलेली, उसवलेली, ‘चालतंय की’ म्हणत चालवून घेतलेली वस्तू आपल्याला ती दाखवून देते. आणि ती दिसल्यावर खरेदीआधी आडून का होईना, पण त्याच्याशी बोलावं. गुपिताचा अट्टहास सोडावा. या दोन्ही गोष्टी ऐकायला सोप्या आहेत, पण दोन्हींना विरोध होतो. म्हणून त्या जरा सविस्तर मांडते.

आधी हे अवघड का जातं ते पाहू. आपल्या सणांत बायकोने नवऱ्याला भेट देण्याचा रिवाज जवळपास नाहीच. पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी घालतो. भाऊबिजेला भाऊ घालतो. पुरुषाच्या पदरात जे पडतं ते जावई म्हणून. पहिल्या दिवाळसणाला सासरचे कपडे नाहीतर अंगठी देतात, अधिक महिन्यात ३३ अनारशांचं वाण देतात. तिथेही देणारा हात सासू-सासऱ्यांचा. ख्रिस्ती घरांतली आपल्याकडची जुनी रीतही घराने घराला देण्याची. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुल यांचं ताट शेजारी जातं, आणि त्या ताटावर कुणा एकाचं नाव नसतं. नाव घालून, कागदात गुंडाळून नवरा-बायकोने एकमेकांना द्यायची भेट युरोप-अमेरिकेतली. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मनीतून आलेला नवरा अल्बर्ट नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांसाठीच्या भेटी टेबलांवर मांडून ठेवत. ही पद्धत आपण उचलली, पण तिच्यामागचा सराव आपल्याला नाही. नवऱ्याला द्यायचं म्हणजे काय, हे आईने किंवा आजीने शिकवलेलं नसतं. ही पोकळी मग दुकानदार भरून काढतो.

आणि तो ती फार सोयीने भरतो. डिसेंबरात कुठल्याही मोठ्या दुकानात ‘पुरुषांसाठी’ म्हणून एक कोपरा सजलेला असतो. पाकीट, पट्टा, टाय, अत्तर, दाढीच्या सामानाचा डबा, वर काहीतरी गमतीचं छापलेला मग. या वस्तूंत वाईट काही नाही. अडचण एवढीच की त्या ‘पुरुष’ नावाच्या जातीसाठी केलेल्या असतात आणि आपल्याला द्यायचं असतं एका माणसाला. त्या कोपऱ्यातून उचललेली वस्तू शेजारणीच्या नवऱ्यालाही तितकीच शोभेल. अशी भेट कपाटात पडून राहते, कारण ती जिथे बसावी अशी जागा त्याच्या दिवसात नसतेच. पाकिटं पुरुषांना पुरेशी मिळालेली असतात, आणि तरीही ते जुनंच वापरतात. ते जुनं का सुटत नाही, हा प्रश्न आपण विचारला असता, तर कदाचित नवं पाकीट घेतलंच नसतं.

नवऱ्यासाठीच्या नाताळभेटीची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची. ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या रविवारच्या अंकात १९०५ साली डिसेंबरात छापून आली. डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट आहेत. नवरा जिम याची आठवड्याची कमाई ३० वरून २० डॉलरवर आलेली, त्यातले ८ घरभाड्यात जातात. ती आपले लांब केस २० डॉलरला विकते आणि जिमच्या वडिलोपार्जित खिशातल्या घड्याळासाठी २१ डॉलरची प्लॅटिनमची साखळी घेते. इकडे जिमने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. ही गोष्ट सगळे त्यागाची म्हणून सांगतात. मला तिच्यातला त्यागाच्याही आधीचा एक तपशील जास्त मोलाचा वाटतो. घड्याळ उत्तम, पण ते साखळीऐवजी चामड्याच्या जुन्या पट्ट्याला अडकवलेलं, म्हणून जिम चारचौघांत वेळ पाहताना ते चोरून पाहतो. त्याचं हे चोरून पाहणं डेलाने पाहिलेलं असतं. दुकानांतून हिंडण्याआधीच तिच्या भेटीची निम्मी निवड तिथे झालेली आहे. प्रत्येक नवऱ्याजवळ असा एखादा पट्टा असतो. तारेने बांधलेली चष्म्याची काडी असेल, एकाच कानात आवाज येणारा हेडफोन असेल, ऑफिसच्या डब्याचं गळकं झाकण असेल, किंवा सोडून दिलेली एखादी हौस असेल. त्याने तक्रार केलेली नसते. त्या वस्तूभोवती त्याने आपली सवय वाकवून घेतलेली असते, आणि आपण पाहायचं ते हे वाकणं.

यावर पहिला आक्षेप असा की एवढ्याशा गोष्टींना भेट कसं म्हणायचं? वर्षाचा सण आणि हातात डब्याचं झाकण! भेट थोडी भारी, डोळ्यांत भरणारी नको का? इथे अभ्यासकांचा अनुभव वेगळा आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देणाऱ्यांना वाटत होतं की वस्तू जितकी महाग तितकी ती आवडेल. घेणाऱ्यांच्या आवडीचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसला नाही. साखरपुड्याच्या अंगठीबाबतही हेच आढळलं. जेफ गॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली अशा संशोधनांचा एकत्र विचार करून याचं कारण मांडलं. देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कागद फाडण्याचा तो एक क्षण असतो. घेणाऱ्याला त्यानंतरचे महिने ती वस्तू घेऊन राहायचं असतं. मला हे पटतं, कारण भारी भेटीत आपण नकळत आपल्याच हौसेला पैसे मोजतो. नवऱ्याचा चेहरा फुललेला आपल्याला पाहायचा असतो. फेब्रुवारीत तो ती वस्तू हातात घेईल का, हा प्रश्न दुकानात सुचत नाही. शिवाय लहान म्हणजे हलकं असंही नाही. साखळी ही घड्याळापुढे लहानच वस्तू होती.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रातून येतो आणि तो जास्त गंभीर आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, मिळालेल्या वस्तूंची तुमच्या लेखी किंमत किती? भेटींच्या किमतीतला एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मग सरळ रोख पैसे का देऊ नयेत? पण हा हिशेब नीट वाचला तर तो माझ्याच बाजूने बोलतो. नुकसान सर्वांत जास्त दिसलं ते काका-मामा, आजी-आजोबा यांच्यासारख्या नातेवाइकांच्या भेटींत. मित्र आणि जोडीदार यांच्या भेटींत ते सर्वांत कमी होतं. म्हणजे ज्याला माहिती आहे त्याची निवड फारशी फुकट जात नाही. पुढे सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी १९९६ साली असाच प्रश्न वेगळ्या लोकांना विचारला, तेव्हा भेटींना खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त मोल दिलेलं आढळलं. या दोन निष्कर्षांचा मेळ अजूनही वादाचा आहे, पण माझ्या मुद्द्याला तेवढं पुरे. आणि नवरा-बायकोत रोख रकमेला अर्थ तरी काय? ती एकाच घरातल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते.

इथेच तिसरा आक्षेप उभा राहतो. जिची स्वतःची कमाई नाही, तिने नवऱ्याच्याच पैशातून नवऱ्याला भेट द्यायची, ही भेट कसली? हा टोमणा अनेक घरांत हसत हसत मारला जातो आणि तो लागतो. त्याला माझं उत्तर असं. घरकाम करणाऱ्या बाईचा घरखर्चावरचा हक्क हा काही कुणी दिलेला खाऊ नव्हे, आणि तो पैसा तिचाही असतो. पण क्षणभर टोमणा खरा धरला, तरीही देण्यासारखी एक गोष्ट तिच्याजवळ उरतेच. बाजारात मिळणारी वस्तू नवरा स्वतःही आणू शकला असता. त्याने आणली नाही, कारण त्याला तिची गरज जाणवत नव्हती, किंवा स्वतःवर खर्च करणं त्याला उधळेपणा वाटत होतं. ‘मला काही नको’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो. ही अडचण दुसऱ्या कुणीतरी ओळखावी लागते, आणि ती ओळखणं पैशाने विकत घेता येत नाही.

आता गुपिताकडे वळते. भेट म्हटली की अचंबा हवा, आधी विचारलं तर मजा गेली, असं बहुतेकांना वाटतं. ओ. हेन्रीची गोष्ट मी इथे उलटीकडून वाचते. डेलाचं निरीक्षण बिनचूक होतं, जिमचंही होतं. तरी दोन्ही भेटी त्या रात्री निरुपयोगी ठरल्या, त्या केवळ दोघांनी एकमेकांना सुगावा लागू दिला नाही म्हणून. लेखक त्यांना शहाणे ठरवतो आणि प्रेमाच्या बाबतीत ते शहाणे आहेतही. पण रोजच्या संसाराला इतकी महाग मौज परवडत नाही. विचारायचं म्हणजे ‘काय हवं?’ असं सरळ विचारायचं नाही, त्याला उत्तर ‘काही नको’ हेच येणार. ‘हा चष्मा दुरुस्त करून चालणार आहे की नवा करायचा?’ असं विचारावं. अचंब्याला तरीही जागा राहते. कधी, कुठला, कोणत्या रंगाचा, हे सगळं आपल्या हातात असतंच.

एक सावधगिरी मात्र पाळावी लागते. उपयोगाची भेट म्हणता म्हणता आपण घराची खरेदी त्याच्या नावावर खपवतो, नाहीतर त्याला सुधारायला निघतो. मिक्सर ही नवऱ्याची भेट नव्हे, तो स्वतः हौसेने रांधणारा असल्याशिवाय. पोट सुटलंय म्हणून व्यायामशाळेची वर्गणी भरणं ही भेट नव्हे, तो कागदात गुंडाळलेला शेरा आहे. पुरुषांना अशा गोष्टी लागत नाहीत हा समजही बाजूला ठेवावा. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या प्रयोगात नावडती भेट मिळालेल्या पुरुषांना आपलं आणि जोडीदाराचं तितकंसं जुळत नाही असं वाटू लागलं. स्त्रियांनी मात्र तशाच प्रसंगी नातं सांभाळून घेतलं. ते प्रयोगातले लोक आपल्या गावचे नव्हते, तेव्हा त्यावरून मोठे सिद्धान्त काढायला नकोत. पण ‘त्याला काय, काहीही चालतं’ असं म्हणून नेट लावायचं टाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी तेवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

माझी विनंती साधी आहे. या वर्षी दुकानात पाऊल टाकण्याआधी आठ दिवस घरात नुसतं पाहा. तो कोणती वस्तू दोनदा झटकून मग वापरतो, कोणती चारचौघांत खिशातून काढायला कचरतो, कोणत्या गोष्टीबद्दल ‘पूर्वी मी करायचो’ असं म्हणतो, हे टिपून ठेवा. यादी लांब होणार नाही, एक-दोन ओळींचीच होईल. तेवढी पुरते. आणि त्यातलं काही विकत घेण्याआधी, घड्याळ अजून त्याच्या खिशात आहे ना, एवढं मात्र एकदा विचारून घ्या.