टाकीचे घाव

‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारली जाते, की तिने काय सांगायचे टाळले आहे याचा विचार क्वचितच कोणी करतो. दगडावर घाव बसतात, दगड ते सोसतो, आणि अखेरीस त्याची मूर्ती होते. एवढेच ती म्हण सांगते. टाकी कोणाच्या हाती होती, प्रत्येक घाव आवश्यकच होता काय, आणि त्याच खाणीतून निघालेल्या इतर किती दगडांच्या घावासरशी कपऱ्या उडाल्या, याविषयी ती मौन पाळते. वकिलीच्या व्यवसायात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला हे मौन खटकल्याशिवाय राहत नाही. साक्षीदार जे सांगतो त्याहून जे गाळतो त्याकडे अधिक लक्ष द्यावे, अशी सवय आम्हां लोकांना जडलेली असते.

या म्हणीची आठवण मला ज्यांच्यामुळे वारंवार होते, त्या गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. त्यांचे गाव कुर्डी आणि माझा जोयडा तालुका यांच्यामध्ये सह्याद्रीची एक भिंत तेवढी उभी आहे. भिंतीच्या पश्चिमेस गोव्याचा सांगे तालुका, पूर्वेस आमचे रान. दोन्हीकडची बोली कोंकणी, दोन्हीकडचा पाऊस सारखाच अनावर, आणि दोन्हीकडच्या नशिबातही एक विलक्षण साम्य आहे. आमच्या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवर एकशे एक मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ साली ते पूर्ण झाले आणि सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, नाव बदलले, आणि उठविलेली कुटुंबे रामनगर येथे वसविण्यात आली. तिकडे साळावलीच्या धरणाने त्याच दशकात कुर्डी गाव गिळले. मोगूबाईंनी ज्या गावाचे नाव आयुष्यभर आपल्या नावापुढे मिरविले, ते गाव त्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीच्या वर उरले नाही. फक्त त्यांच्या नावातच काय ते शिल्लक राहिले.

१५ जुलै १९०४ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे कलावंतांचे, म्हणजे देवळाच्या सेवेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. या शब्दातला ‘बांधलेले’ हा भाग आपण वाचकांनी जरा सावकाश वाचावा. देवाची पालखी निघाली की गाणे यांचे, उत्सवात सभामंडप घुमवायचा तो यांच्या कंठांनी. परंतु विवाहाचा मान नाही, मुलांना पित्याचे नाव नाही, आणि देवस्थानाच्या कारभारात शब्द नाही. ज्या मंडपाची शोभा त्यांनी वाढविली, त्याच मंडपातील प्रतिष्ठेच्या पंक्तीत त्यांचे पान मांडले जात नसे. मोगूच्या बालपणातील दारिद्र्य हे केवळ नशिबाचे देणे नव्हते. त्याची घडण आपल्या व्यवस्थेने केली होती.

आई जयश्रीबाई हिची एकच आकांक्षा होती : मुलीने मोठी गायिका व्हावे. मोगू दहा वर्षांची असताना आईने तिला जांबावलीस नेले आणि तेथे एका साधूकडून भजने शिकविली. पुढे चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत मायलेकी दाखल झाल्या. १९१४ साली आई वारली. मागोमाग मंडळीचेही दिवाळे निघाले. दहा वर्षांची पोर एकाच सुमारास आईला, आश्रयाला आणि मिळकतीला मुकली. पाठीशी पिता नाही, हाताशी शिक्षण नाही, गाठीला पैसा नाही. एवढे गेल्यावर उरला तो गळा, आणि त्या गळ्याविषयी आईने मनात धरलेला हेतू.

पुढे तिला सातारकर स्त्री संगीत मंडळीत जागा मिळाली. ‘पुण्यप्रभाव’ नाटकातील किंकिणी आणि ‘सौभद्रा’तील सुभद्रा या तिच्या भूमिका वाखाणल्या गेल्या. पण नाटकमंडळी म्हणजे काही घर नव्हे. मंडळीतील एका वरिष्ठ नटीशी पटेना, प्रकृतीही बिघडली, आणि ती औषधोपचारासाठी सांगलीस येऊन राहिली. तेथेच १९१९ साली तो प्रसंग घडला, जो संगीतप्रेमी मंडळी आजही कौतुकाने सांगतात. रस्त्याने रोज जाणारे एक वृद्ध गृहस्थ खिडकीतून येणारा मुलीचा रियाज ऐकत. एके दिवशी ते सरळ आत आले, गाणे चालू ठेव म्हणाले आणि पुढे शिकवूही लागले. ते होते जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब. ते स्वतःही उपचारासाठीच सांगलीस आले होते.

सामान्यतः ही कथा येथे संपविली जाते. गुरू भेटले, भाग्य उजळले! परंतु मोगूबाईंची खरी परीक्षा येथून सुरू होते, आणि मला वाटते, त्यांच्या धैर्याचे मोलही याच भागात कळते. खाँसाहेब सुमारे दीड वर्षाने मुंबईस गेले. त्यांच्यामागून त्याही १९२२ साली मुंबईस आल्या. तेथे मात्र खाँसाहेबांकडे शिकणाऱ्या धनवान शिष्यवर्गाला ही निर्धन मुलगी नको होती. विद्या आपल्यापुरतीच राहावी असा त्यांचा आग्रह, आणि गुरूचा चरितार्थही त्यांच्याच हाती. शिकवणी थांबली. मोगूबाई आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकू लागल्या, तर तेही अल्लादिया खाँसाहेबांना रुचले नाही. मग १९२६ पासून त्यांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिक्षण चालले. काही वर्षांनी तेही मुंबई सोडून गेले. अखेर १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला, आणि ही तालीम १९४६ मध्ये खाँसाहेबांच्या निधनापर्यंत चालली. सांगलीच्या त्या खिडकीपासून गंड्यापर्यंत पंधरा वर्षे लोटली होती. पंधरा वर्षांत एखादा दिवाणी दावादेखील निकालात निघतो. या बाईंना तोवर नुसता शिकण्याचा हक्क शाबीत करावा लागला.

त्याच १९३४ सालाचा आणखी एक दाखला माझ्या कपाटातील पुस्तकांत आहे. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा त्या वर्षी झाला. उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा त्या इलाख्यातच होता. देवाला मुलगी वाहण्याचा विधी त्या कायद्याने बेकायदेशीर ठरविला आणि अशी वाहिलेली स्त्री विवाहास अपात्र नाही असे जाहीर केले. कायद्याची भाषा कोरडी असते. पण एका स्त्रीला ‘तू विवाह करू शकतेस’ असे सांगण्यासाठी विधिमंडळाला एक कलम खर्ची घालावे लागावे, यात आपल्या समाजाच्या किती पिढ्यांची कबुली दडलेली आहे! मोगूबाईंनी मात्र कलमाची वाट पाहिली नव्हती. १९२३ सालीच त्यांनी माधवदास भाटिया यांच्याशी विवाह केला होता.

तो संसारही अर्ध्यावर मोडला. १९३९ साली पती निवर्तले. पस्तिशीतली विधवा, तीन मुले, आणि मुंबईसारखे शहर. थोरली किशोरी तेव्हा सात-आठ वर्षांची. यापुढे मैफलींचे दौरे हेच उपजीविकेचे साधन. त्या दौऱ्यांत आपल्या आईला पुरेसे मानधन मिळत नसे, तिची राहण्याची व्यवस्थाही मानाने केली जात नसे, हे किशोरीताई आमोणकर पुढे अनेकदा सांगत. कलावंताच्या प्रतिष्ठेविषयी त्या स्वतः इतक्या कठोर का झाल्या याचे उत्तर त्यांनी त्या अनुभवातच दिले आहे. आईच्या तालमीची आठवणही त्या सांगत : माई एखादी जागा दोनदा गाऊन दाखवीत, तिसऱ्यांदा नाही. ऐकणाऱ्याला ही कठोरता वाटेल. मला तिच्यात वेगळे काही दिसते. ज्या बाईला विद्या एकेक घोटाने, अनेक दारांवरून परत फिरून मिळवावी लागली, तिला एकही घोट सांडलेला कसा चालेल?

मोगूबाईंचे गाणे मी समोर बसून ऐकलेले नाही. रामनगरच्या आमच्या घरात आकाशवाणीच्या धारवाड केंद्रावरून रात्री ध्वनिमुद्रणे लागत, त्यांतून ते माझ्या कानी पडले. वडील लवकर गेले होते. आई फणसाचे हप्पळ करून बाजारात विकीत असे, आणि आमची फी, वह्या, चपला त्या हप्पळांच्या चवडींतून निघत. आईला रागाचे नाव कळत नसे. पण मोगूबाईंचे गाणे लागले की लाटणे थांबवून ती म्हणे, या बाईच्या गळ्यात हिशेब पक्का आहे, एक मात्रा कोणाची बुडवायची नाही. जयपूर घराण्याच्या लयकारीवर मी पुढे विद्वानांचे लेख वाचले. आईच्या त्या वाक्याहून अधिक नेमके त्यांत मला फारसे आढळले नाही. कदाचित पैशापैशाचा हिशेब ठेवून जगणाऱ्या बाईलाच मात्रेमात्रेचा हिशेब ओळखता येत असावा.

सुप्याच्या घराचा विषय निघाला, की शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावीत. आई कधी रडली नाही. ती म्हणे, ‘रडल्यार उदक वाडता, देंवना.’ रडल्याने पाणी वाढते, उतरत नाही. तिचे हे वाक्य मी पुढे कित्येक पक्षकारांना ऐकविले आहे. भूमिसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याप्रमाणे जमिनीचा बाजारभाव ठरे, घराचा आणि झाडांचा वेगळा. आणि सक्तीने घेतले म्हणून वर काही टक्के दिलासा रक्कम मिळे. आधी ती शेकडा पंधरा होती, १९८४ च्या दुरुस्तीने तीस झाली. २०१३ साली नवा कायदा झाला, आणि त्यात पुनर्वसनाचा विचारही आला. ही सुधारणा मोलाची आहे. तरीही अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा, किंवा मुलीला ज्या पायरीवर बसवून पहिले भजन शिकविले त्या पायरीचा रकाना कोणत्याही तक्त्यात मला सापडलेला नाही.

कुर्डीचे प्राचीन महादेवाचे देऊळ मात्र वाचले. धरणाचे पाणी चढण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याने त्याचा एकेक दगड सोडविला आणि दुसरीकडे जसाच्या तसा पुन्हा उभा केला. गावातील सोमेश्वराचे देऊळ पाण्यात राहिले. दर उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते, आणि मे महिन्यात विखुरलेले कुर्डीकर तेथे जमून उत्सव करतात. तिथले ख्रिस्ती गावकरीही आपल्या चॅपेलच्या फेस्ताला येतात. हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना आपली कुलदैवते आठवतील. सोळाव्या शतकात साष्टीतून देव खांद्यावर घेऊन आपल्या पूर्वजांनी नद्या ओलांडल्या. जांबावलीचा दामोदरही मूळचा मडगावचा. उठून जाण्याचे दुःख ज्या समाजाच्या रक्तात आहे, त्याने देवांसाठी नवी देवळे बांधली, त्यांची नावे जपली, कुळाची खूण म्हणून ती मिरविली. त्या नव्या देवळांत ज्या बायका गायल्या, त्यांची नावे मात्र आपल्या वहीत फारशी लिहिली गेली नाहीत. दगडाला क्रमांक देऊन पुन्हा बसविण्याइतकी काळजी घेणारे हात आपल्याकडे आहेत. माणसांच्या बाबतीत तेच हात आखडले.

मोगूबाईंना १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७४ साली पद्मभूषण. किशोरीताईंसह पद्मा तळवलकर, कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, बबनराव हळदणकर अशी शिष्यपरंपरा त्यांनी उभी केली. एके काळी ज्या विद्येची दारे पैशाने अडविली होती, ती त्यांनी इतरांसाठी उघडली. १० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुष्कळांना दुःख कठोर करते, काहींना कडवट. आपल्याला जे नाकारले गेले तेच दुसऱ्याला ओंजळ भरून द्यावे, एवढे मोठेपण दुःख आपोआप देत नाही. ते मोठेपण त्या बाईंचे स्वतःचे होते. त्याचे श्रेय घावांना देणे म्हणजे टाकीची पूजा करून मूर्तीकडे पाठ फिरविण्यासारखे आहे.

म्हणून अशा चरित्रांचे कौतुक करताना एक पथ्य पाळावे असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. सोसणाऱ्याची थोरवी गावी, परंतु सोसायला लावणाऱ्याचा हिशेबही त्याच सभेत मांडावा. आमच्या तालुक्यात आजही रानातील पाड्यांवरून कुणब्यांच्या, सिद्दींच्या मुली लांबची वाट तुडवीत शाळेला जातात. त्यांच्यापैकी कोणाच्या गळ्यात काय आहे, कोणाच्या बुद्धीत काय आहे, हे कोणी खिडकीखाली थांबून ऐकल्यावाचून कळणार नाही. आपल्या देवस्थानांना सभामंडप आहेत, अग्रशाळा आहेत, आणि देवाच्या कृपेने निधीही आहे. वर्षातले काही दिवस तो मंडप अशा मुलींच्या शिक्षणासाठी, गाण्यासाठी उघडला, आणि अग्रशाळेतील दोन खोल्या त्यांच्या वस्तीसाठी राखल्या, तर कोणत्याही घटनेतील कोणत्याही कलमाचा भंग होणार नाही, असा एक वकील म्हणून मी निर्वाळा देतो.

त्यांतून दुसरी मोगूबाई निघेल असे आश्वासन कोणी देऊ नये. निघाली नाही तरी चालेल. दहा मुलींपैकी नऊ जणींना साधे, सुखाचे, स्वतःच्या कमाईचे आयुष्य लाभले, तर टाकीचा एक घाव कमी पडला म्हणून कोणताही देव रुसणार नाही.