जुन्या इंजिनाचे पथ्य

आमच्या घराच्या मागल्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, एक अ‍ॅम्बॅसेडर वीस-बावीस वर्षे उभी होती. वडिलांनी ती १९७२ साली घेतलेली. मार्क टू, पांढरी. शासकीय सेवेत आम्ही अनेक अ‍ॅम्बॅसेडर गाड्यांतून दौरे केले, पण त्या सरकारच्या, ही घरची. थोरले बंधू, म्हणजे दादा, हिच्यावर गाडी शिकले आणि वहिनींना वरातीतून घरी आणले तेही हिच्यातूनच. आता दादा ऐंशीचे झाले, दृष्टी अधू झाली. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते सहज म्हणाले, "एकदा हिच्यातून जानापावला जाऊन यायला हवं होतं." त्यातील 'होतं' आम्हांला टोचले, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही इंजिन बांधायला दिले.

मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले हे १४८९ सीसीचे इंजिन. (१९९०च्या दशकात अ‍ॅम्बॅसेडरला आलेली इसुझू इंजिने आमच्या शेजारच्या पीथमपूरला तयार होत, त्यांची प्रकृती वेगळी.) महूतल्या मिस्त्रींनी बोअर करून नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवा कॅमशाफ्ट व नवे टॅपेट बसवले. प्रश्न उरला तेलाचा. दादा म्हणाले, "वडील जाड तेल घालत. मिस्त्रींना विचार." आम्ही उत्तरलो, "दादा, तो जमाना गेला." मग इंदूरहून सर्वांत महागडे, पातळ, सिंथेटिक तेल आणले. मिस्त्री काही बोलू पाहत होते, पण साहेबांपुढे गप्प राहिले. गाडी सुरू झाली त्या दिवशी आप्तेष्टांना बोलावले, पेढे वाटले आणि सर्वांनी आवाज ऐकावा म्हणून इंजिन अर्धा तास अंगणातच मंद चालत ठेवले.

सातशे किलोमीटर झाले नाहीत तोच टिकटिक सुरू झाली. ओट्यावर बसलेले दादा म्हणाले, "टॅपेट बोलतोय." टॅपेटची सेटिंग ढिली असेल, असे सांगून आम्ही तो विषय टाळला. पंधरा दिवसांनी इंजिन उघडले तेव्हा कॅमशाफ्टच्या दोन उंचवट्यांची टोके घासून सपाट झाली होती आणि तो चुरा तेलात मिसळून बेअरिंगांपर्यंत गेला होता. पुन्हा चार महिने. ऐंशीच्या माणसाचे चार महिने आम्ही आमच्या ऐटीत खर्ची घातले होते.

मग मात्र आम्ही एखादी फाइल अभ्यासावी तसा तेलाचा अभ्यास केला. जुन्या इंजिनात कॅमचा उंचवटा टॅपेटच्या जवळजवळ सपाट तळावर घासत जातो. नव्या अनेक इंजिनांप्रमाणे मध्ये रोलर नसतो. एवढ्याशा जागेवर इतका दाब येतो की तेलाचा थर तेथे टिकत नाही. तेव्हा जस्त व फॉस्फरसयुक्त एक द्रव्य धातूवर पातळ संरक्षक कवच धरते. परंतु तेलाबरोबर जळालेले फॉस्फरस नव्या गाड्यांच्या धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते. म्हणून पातळ तेलांतील त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी झाले; २००४च्या एपीआय एसएम श्रेणीपासून ते ०.०८ टक्क्यांवर आले. नव्या गाडीला ते योग्यच. १९७२च्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, मग हे पथ्य कशाला? अमेरिकेत १९६४च्या पॉन्टिअक जीटीओसारख्या दांडग्या गाड्या पुन्हा बांधणाऱ्या हौशी मंडळींनाही नेमका हाच अनुभव आला. आमच्या साध्यासुध्या अ‍ॅम्बॅसेडरचे दुखणे असे त्यांच्या पंक्तीचे निघाले.

दिलासा असा की ही मर्यादा पातळ श्रेणींनाच आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलांना ती लागू नाही. यातील 'डब्ल्यू' म्हणजे विंटर; पहिला आकडा थंडीतला प्रवाहीपणा सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा. आपल्या माळव्यात पाणी गोठवणारी थंडी क्वचितच. उलट मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पहिला आकडा शून्य किंवा पाच असण्याची चैन येथे निरर्थक आहे. तरीही डब्यावरील आकड्यावर विसंबून न राहता तेलाच्या माहितीपत्रकातील जस्त-फॉस्फरसचे प्रमाण पाहावे. आम्ही ते पाहून साधे खनिज तेल निवडले. आमच्या आधीच्या तेलाच्या जवळपास तिप्पट स्वस्त.

दुसरी चूक आमच्या पेढ्यांची होती. कॅमला तेल मुख्यत्वे क्रँकच्या फेऱ्यांतून उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळते. इंजिन मंद चालले तर ते पुरेसे उडत नाही. या खेपेस मिस्त्रींनी कॅमवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावली, इंजिन सुरू होताच मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास वीस मिनिटे चालवले. पाचशे किलोमीटरनंतर तेल व फिल्टर बदलले. आम्ही विचारले, "मिस्त्री, पहिल्या वेळी का नाही बोललात?" ते हसून म्हणाले, "साहब, आपने पूछा कहाँ था?" सेवेत असताना आमच्या टेबलापुढे किती जण असेच गप्प राहिले असतील, हा विचार त्या रात्री बराच वेळ मनातून गेला नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी दादांना पुढच्या आसनावर बसवून आम्ही जानापावच्या वाटेला लागलो. चंबळ जेथे उगम पावते तो हा डोंगर. दादांना तो दिसला असेल तो धूसरच. चढ लागला तसे त्यांनी काच खाली केली आणि कान बाहेर लावून बसले. आम्ही गियर बदलला, पण बोललो नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आता बोलत नाही."

"नाही, दादा," आम्ही म्हणालो. "आणि तेव्हा तुमचं ऐकायला हवं होतं."

ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा हात थोपटला, आणि गाडी चढत राहिली.