माळ आणि तिसरी रात्र

पावसाच्या बेभरवशामुळे आटपाडी-खानापूर भागातील जी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईसाठी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात पांगली, त्यांपैकी एक आमचे. आणि त्या परमुलखातच, दिवसभर तेजाबाच्या धुरात मुशीसमोर बसून रात्री दुकानाच्या माळ्यावर एकटे निजणाऱ्या माझ्या थोरल्या चुलतबंधूंना, म्हणजे आमच्या आप्पांना, दारूची संगत जडली. धंदा मोडून ते गावी परतले तेव्हा पहाटे त्यांच्या हातात चहाची बशी ठरत नसे. पहिला घोट पोटात गेला की हात स्थिर होई, आणि घरची मंडळी यालाच ‘आप्पा ताळ्यावर आले’ असे म्हणत.

कार्तिकी एकादशीस पंढरपुरास नेऊन त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माणदेशात व्यसनावर हाच सर्वमान्य इलाज, आणि मी त्याची थट्टा करणार नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची गावोगाव झालेली अवस्था ज्याने पाहिली आहे, त्याला चारचौघांत घातलेल्या माळेचा धाक सरकारी अंमलाहून किती अधिक असतो, हे सांगावयास नको. आप्पांनी शब्द पाळला. थेंबही घेतला नाही. तिसऱ्या रात्री मात्र, अंग घामाने चिंब आणि डोळे तारवटलेले, अशा स्थितीत ते वाकळेवरून चिमटीने काहीतरी टिपून डाव्या तळहातावर ठेवू लागले.

“आप्पा, काय करताय?”

“कण सांडल्यात. पाय देऊ नगंस.”

गलाईच्या दुकानातली झाडलोटसुद्धा जपून ठेवतात, कारण त्या मातीत सोने असते. त्या वाकळेवर काहीही नव्हते. चुलती म्हणाली, देवऋष्याला बोलवा. आम्ही जीप बोलावली.

दवाखान्यातील डॉक्टरांनी खुलासा केला तो असा, की वर्षानुवर्षे दारूने दडपलेला मेंदू तोल राखण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो, आणि दारू एकाएकी थांबली म्हणजे दडपण जाऊन उत्तेजना तेवढी मोकाट उरते. म्हणून कंप, झटके, आणि साधारणतः ४८ ते ७२ तासांनी हा भ्रम, ज्यात उपचाराविना प्राणही जाऊ शकतो. त्यांनी शामक औषध दिले, आणि ग्लुकोज लावण्याआधी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, कारण मद्यप्याच्या शरीरात त्याचा दुष्काळ असतो आणि त्यापायी स्मृती कायमची जाऊ शकते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आहेत, आणि तिच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. उरलेल्यांच्या वाट्याला शपथा, अंगारे आणि भावकीचे टोमणे. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे येथे पोलिसांनी मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा आमच्या पारावर पंधरवडाभर त्या नव्या विषाचीच चर्चा होती. चर्चा करणाऱ्यांपैकी दोघांचे हात सकाळचे कापत, ही गोष्ट कोणाच्या गणतीत नव्हती.

आप्पांना पुढे पुण्यास, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. मध्यंतरी एकदा ते घसरले, पुन्हा गेले. माळ अजून गळ्यात आहे. हल्ली गावात कोणी माळ घालण्याची गोष्ट काढली, की आप्पा आधी विचारतात, “सकाळचं हात कापत्यात का रं?” आणि कापत असतील तर एकादशी पुढची धर म्हणून बजावून, त्याला एस.टी.त घालून स्वतः दवाखान्यात नेतात. तिकीटही बहुधा तेच काढतात.