लांब दाण्यांचं रबर

मंडळी, आपल्या सुरतेचा हरमीत देसाई २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत टेबल टेनिसचं सांघिक सुवर्ण घेऊन आला, तेव्हापासून आमच्या सत्तरीपारच्या मंडळींनाही वेगवान रबर हवंय! कोणी सांगतो मनगट फिरवा, कोणी म्हणतो चेंडू फेकणारा रोबो घ्या. रोबोवर पैसे घालणं मला पटत नाही. समोरच्याचा हात बघून चेंडू ओळखायचा, ते तो काय शिकवणार?

आमच्या एका स्नेह्यांचा खांदा आखडला. स्मॅश बसेना, हळूहळू येणंच कमी झालं. मग त्यांनी बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर लावलं, पोरं ज्याला लाँग पिंपल्स म्हणतात. आपण टॉपस्पिन मारावा, तर त्यांनी नुसता अडवलेला चेंडू उलटी फिरकी घेऊन येतो. लगेच दोघातिघांनी ‘ही लबाडी’ म्हणून कुरकुर सुरू केली. अहो, लबाडी कसली? नियमात बसतं. बॅटच्या दोन बाजूंना दोन रंग असतात ते समोरच्याला कळावं म्हणूनच ना! खेळताना नजर ठेवायची.

परवा मला त्यांनी ११-६ ने हरवलं. आता रोज सहाच्या ठोक्याला हजर असतात.