अक्काचा दिवा

इटलीच्या उत्तर भागात इव्हरेआ नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथील आर्डुइन नावाचा सरदार इ. स. १००२ मध्ये इटलीचा राजा झाला. त्याचे राज्य फार काळ टिकले नाही; नाव मात्र गावातील एका पेयगृहाला राहिले. २००५ साली तेथील एका संस्थेतील काही शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त यंत्रपाटी तयार करीत होते. त्या पेयगृहात त्यांची बैठक असे. त्यांनी पाटीलाही तेच नाव दिले : आर्डुइनो. तिचे आराखडे त्यांनी कुलुपात ठेवले नाहीत. वाटेल त्याने ते पाहावेत व तशी पाटी बनवावी, अशी मुभा दिली. म्हणूनच आज ती आपल्याकडे काही शे रुपयांत मिळते. शिक्षकांनी घडविलेली वस्तू म्हणून मला तिचे अंमळ अधिकच कौतुक वाटते.

आमच्या घरी ही पाटी आली ती अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण. अलीकडे तिला ऐकू येईनासे झाले. मी बाहेर गेलो की दारावरची घंटा वाजून वाजून थांबे आणि आलेले माणूस परत जाई. तेव्हापासून ती दाराशीच खुर्ची टाकून बसू लागली. जिचा सारा दिवस स्वयंपाकघरात राबण्यात जाई, तिने पहारेकऱ्यासारखे दाराकडे डोळे लावून बसावे, हे मला पाहवत नसे.

सातवीत शिकणारी माझी नात मुक्ता एके दिवशी म्हणाली, "आजोबा, अक्काआजीला घंटा ऐकू येत नाही; पण दिसली तर?"

पाटीवर मायक्रोकंट्रोलर नावाची एक काळी चकती असते. तीच पाटीचा मेंदू. सेकंदाला एक कोटी साठ लक्ष ठोके, अशी तिची गती. पण चालू कामासाठी स्मरणशक्ती इतकी थोडी, की हा पाठसुद्धा तीत मावणार नाही! संगणकावर आज्ञा लिहायच्या आणि तारेने तिच्यात उतरवायच्या. पहिला धडा दिवा उघडमीट करण्याचा. 'दिवा लाव, हजार मिलिसेकंद थांब, दिवा विझव, हजार मिलिसेकंद थांब.' एवढेच, पण अखंड. वाक्याअखेरचे अर्धविरामचिन्ह गळले, तर ती आज्ञा पाटीपर्यंत पोहोचतच नाही. मी जन्मभर व्याकरण शिकविले. इतका कडक परीक्षक मला कधी भेटला नव्हता.

मग आम्ही इवलासा तांबडा दिवा जोडला. पाच व्होल्टचा प्रवाह सरळ दिला तर तो जळून जाईल, म्हणून वाटेत २२० ओहमचा रोधक घातला. घरातील २३० व्होल्टच्या विजेला मात्र आम्ही हात लावला नाही. मुलांनो, तुम्हीही लावू नका. पाटीला मोबाईलचा चार्जर पुरतो.

दाराची कळ जोडताना मौज झाली. कळ मोकळी असताना पाटी 'एक' वाचते आणि दाबली की 'शून्य'! कारण तो पाय आतून पाच व्होल्टला बांधलेला असतो. कळ दाबताच तो शून्याशी जोडला जातो. म्हणजे आमच्या घरी 'शून्य' आले, की कोणीतरी आले असे समजायचे. पाहुणा कळ क्षणभरच दाबणार. म्हणून दिवा वीस वेळा लुकलुकावा, अशी आज्ञा मुक्ताने लिहिली.

दिवा आम्ही चुलीजवळच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला. अक्का भाकरी थापीत होती. तिने मान वर केली, हात धुतले आणि जाऊन दार उघडले. दाराशी टाकलेली खुर्ची त्या दिवशी तिने स्वतःच आत आणून ठेवली.

आता तिची नवी मागणी आहे. घरचे माणूस कोण आणि परके कोण, हेही दिव्याने सांगावे. मुक्ता हल्ली त्याच आज्ञा लिहीत बसली आहे : कळ लागोपाठ तीनदा दाबली, तर दिव्याने चाल बदलावी. चहाचे आधण किती ठेवायचे, ते अक्काला आधी कळायला हवे आहे!