प्रिंटला गिऱ्हाईक

पुणे, ता. ९ जुलै

चि. भाचेबाईंस,


तुझा पेनड्राइव्ह पोचला. दोनशे अकरा फोटो दोन रात्री बसून पाहिले आणि मग चिठ्ठीतला प्रश्न वाचला : नोकरी सांभाळून फोटो काढणाऱ्याची प्रिंट कुणी विकत घेतं का? घेतं गं. पण का घेतं, हे कळायला मला एक प्रदर्शन मांडून खिसा हलका करावा लागला.

आधी तो ऱ्हाईन नदीचा फोटो डोक्यातून काढ. २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो ४३ लाख डॉलरला गेला, खरंय. पण तो काढणारा गुर्स्की हौशी नव्हे. ड्यूसेलडॉर्फच्या कला अकादमीत रीतसर शिकलेला माणूस. त्या पेठेत आपण नुसतं हिंडून यायचं. व्हिव्हियन मायर मात्र आपल्या पंगतीतली. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि गळ्यात कॅमेरा अडकवून रस्तोरस्ती भटकायची. एक लाखाहून जास्त फोटो काढले. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिची खोकी लिलावात गेली, २००९ मध्ये ती वारली. आज तिच्या निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंट गॅलऱ्यांत विकल्या जातात, हक्कांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. कित्येक रोल तर तिनं धुतलेसुद्धा नव्हते. तुझे दोनशे अकरा फोटो पेनड्राइव्हमध्ये आहेत, एवढाच काय तो फरक. यातल्या किती फोटोंची प्रिंट काढलीस? मला वाटतं, एकाचीही नाही.

आता माझी गोष्ट ऐक. बँकेतून सुटल्यावर बालगंधर्वच्या कलादालनात तीन दिवस ३१ फ्रेमा लावल्या. फोटोंच्या सलोन स्पर्धेत पदक मिळालेला हरिहरेश्वरचा सूर्यास्त अगदी दाराशी. लोक थांबायचे, ‘वा!’ म्हणायचे आणि आपल्या मोबाइलमधला सूर्यास्त मला दाखवून पुढं जायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याबरोबर रिक्षात बसून घरी आला. अजून माळ्यावर आहे.

विकल्या गेल्या पाच. मेणवलीच्या घाटाचा एक साधा फोटो कोपऱ्यात होता. चिमाजीअप्पांच्या वसईच्या स्वारीतली ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे ना, तिच्या देवळाचं शिखर मागं, पुढं ओल्या पायऱ्या. माझ्या मते फोटो बराच होता, फार नव्हता. डोंबिवलीहून आलेल्या एक बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या त्या हलेनात. त्या घाटावर त्या पोहायला शिकल्या होत्या. किंमत न विचारता पाकीट काढलं. दुसरा गेला सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचा दरवाजा. वाडा पडून तिथं इमारत झाली आहे, तिच्यातच राहणाऱ्या माणसानं घेतला! उरलेले तीन एका दातांच्या डॉक्टरांनी, सोफ्याच्या हिरव्याला जुळतात म्हणून. मला राग आला होता. आता येत नाही. पेशंटांनी तोंड उघडण्याआधी माझी भातखाचरं पाहिली तर बिघडलं काय?

म्हणजे गिऱ्हाईक आपली कला विकत घेत नाही. त्याचं त्या जागेशी काहीतरी देणंघेणं असतं, नाहीतर त्याला भिंत भरायची असते. राजगडावरचा सूर्योदय आणि कासची फुलं सगळ्यांकडे आहेत. तुझ्याकडे काय आहे ते शेवटी सांगतो.

मालाचं बघ. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सल. इंचाला ३०० धरलेस तर २० बाय १३ इंचांची प्रिंट खणखणीत येते. अर्धा फोटो कापून टाकलास की मात्र हिशेब बदलला. कागद सुती घे, शाई पिगमेंटची, माउंट आम्लरहित. मी पहिल्या खेपेला स्वस्तातलं काम करून घेतलं, तर दोन पावसाळ्यांत वाड्याचा दरवाजा गुलाबी पडला आणि काचेला चिकटला. काच आणि प्रिंट यांच्यात माउंटची जाडी लागते, हे मला तेव्हा कळलं. त्या गृहस्थांना नवी प्रिंट करून दिली, मिळवलं ते तिथंच गेलं. खाली पेन्सिलीनं सही कर. ३/१५, म्हणजे पंधरांतली तिसरी, असं लिहिलंस तर सोळावी काढायची नाही, सख्ख्या मामासाठीसुद्धा नाही.

प्रिंट विकली म्हणजे हक्क विकला असं होत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं राहतो. पैसे घेऊन कुणाचं पोर्ट्रेट काढून दिलंस तर मात्र, वेगळं ठरलं नसेल तर, हक्क काढवून घेणाऱ्याचा. तेवढं आधी कागदावर घे.

पोटापाण्याचं विचारशील तर नोकरी सोडू नकोस. पाच फ्रेमांच्या पैशांत ३१ फ्रेमांचा खर्चही निघाला नाही. पण फुकट देऊ नकोस. फुकट दिलेली माझी एक प्रिंट मी एका नातेवाइकाकडं कपाटामागं पाहिली आहे. विकलेल्या पाचही भिंतीवर आहेत.

आता तुझा १४७ नंबरचा फोटो. गिरगावातल्या चाळीचा लाकडी जिना, कठड्यावर वाळत घातलेलं धोतर. त्या जिन्यानं मी सहा वर्षं चढउतार केली. तिसरी पायरी तेव्हाही करकरायची. १२ बाय १८ ची प्रिंट काढून पाठव. भाव तू सांगायचास, आणि मामा म्हणून कमी सांगायचा नाही.

तुझा,
मामा